रिक्त पदांचा हिशेब

२००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरची तीन औषधे मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तोवर पाश्चात्त्य कंपन्यांच्या याच औषधांना माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पैसे पडत. पुढच्याच वर्षी एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी ‘ग्लोबल फंड’ उभा राहिला आणि गरीब देशांना ही औषधे विकत घेण्यासाठी पैसा मिळू लागला. आफ्रिकेतला मलावी हा देश त्या पैशाची डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होता. तिथे दर सात प्रौढांमागे एकाला एचआयव्हीची लागण झालेली होती. गोळ्या आल्या, आणि मग खरी अडचण समोर उभी राहिली. गोळ्या द्यायला दवाखान्यांत माणसेच नव्हती.

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला चिंचोळा देश. एका अंगाला मलावी सरोवर, भोवती टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक. समुद्रकिनारा नाही, खनिजांची मोठी संपत्ती नाही. मका पिकवायचा आणि तंबाखू, चहा, साखर विकायची, यावर सारा कारभार. २००४ साली इथली लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती आणि सुमारे ६२,००० माणसांमागे एक डॉक्टर होता. २८ जिल्ह्यांपैकी १० जिल्ह्यांत आरोग्यखात्याचा डॉक्टर नव्हता. चार जिल्ह्यांत तर सरकारी, मिशनचा, खासगी असा कोणताच डॉक्टर नव्हता. परिचारिकांची पदे कागदावर मंजूर होती, पण त्यांतली ६४ टक्के रिकामी होती. रात्रपाळीला सबंध वॉर्डात एकच सिस्टर, आणि तीही दिवसपाळी करून पुन्हा उभी राहिलेली, हे तिथल्या जिल्हा रुग्णालयांचे रोजचे चित्र होते.

ही दशा काही वर्षांत आलेली नव्हती. मलावी १९६४ मध्ये स्वतंत्र झाला. त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा स्वतः डॉक्टर होते. अमेरिकेत नॅशव्हिलला वैद्यकी शिकलेले, पुढे स्कॉटलंडमध्ये परवाना मिळवून इंग्लंडमध्ये दवाखाना चालवलेले. त्यांच्या तीस वर्षांच्या राजवटीत लॅटिन आणि ग्रीक शिकवणारी एक खर्चिक निवासी शाळा १९८१ मध्येच उभी राहिली. वैद्यकीय महाविद्यालय निघायला मात्र १९९१ साल उजाडावे लागले. ब्लँटायर शहरात ते सुरू होईपर्यंत मलावीच्या मुलामुलींना डॉक्टर व्हायचे तर परदेशी जावे लागे, आणि गेलेल्यांतले बरेच जण तिथेच स्थायिक होत.

त्या काळी परिषदांतून एक वाक्य फार ऐकू येई: मलावीत जितके मलावी डॉक्टर आहेत, त्याहून जास्त एकट्या मँचेस्टर शहरात आहेत. त्यामागे पक्की मोजणी नव्हती, तरी ते लोकांच्या तोंडी बसले. या वाक्याने एक नुकसान केले. सारा दोष विमानात बसणाऱ्यांवर गेला आणि बाकीची गळती झाकली गेली. परदेशी जाणे होतेच. २००३ मध्ये शंभराहून अधिक परिचारिकांनी ब्रिटनची वाट धरली, आणि इतक्या छोट्या ताफ्यातून शंभर जाणे म्हणजे मोठेच खिंडार. पण आरोग्य कर्मचाऱ्यांची संख्या घटण्याचे एक मुख्य कारण मृत्यू हे होते. ज्या साथीशी लढायचे तिनेच परिचारिका आणि सहायकांचे बळी घेतले. शिवाय राजधानी लिलाँग्वेत परदेशी संस्थांची कार्यालये निघाली होती. तिथे कितीतरी जास्त पगारावर अनुभवी सिस्टर आणि डॉक्टरांची बरीच कामे करणारे क्लिनिकल ऑफिसर प्रकल्पांच्या बैठका आणि अहवाल सांभाळू लागले. देश त्यांनी सोडला नव्हता. रुग्णाची खाट सोडली होती.

मनुष्यबळ कमी पडले की पहिला उपाय सगळ्यांना सारखाच सुचतो: आणखी महाविद्यालये काढा. महाविद्यालये लागतातच, पण त्यांचा हिशेब लांब पल्ल्याचा असतो. आज निर्णय झाला तर जागा, इमारत, प्राध्यापक आणि मान्यता यांत काही वर्षे जातात. पहिली तुकडी शिकून, उमेदवारी करून बाहेर पडेपर्यंत आणखी सहा-सात. परिचारिका तीन वर्षांत तयार होते, गावपातळीवरचा कार्यकर्ता काही आठवड्यांत किंवा वर्षभरात. म्हणजे आजच्या रुग्णासाठी आज, पुढच्या पाच वर्षांसाठी आता, आणि पुढच्या पंधरा वर्षांसाठीही आताच, असे तीन निर्णय नियोजनकर्त्याला एकदम घ्यावे लागतात. आणि ते घेताना दरवर्षी किती जण सोडून जाणार, निवृत्त होणार, दगावणार हे वजा करत राहावे लागते.

पण नेमकी किती माणसे लागतात, हे ठरवायचे कसे?

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या आपल्या वार्षिक अहवालात एक रेषा आखली. दर हजार लोकांमागे डॉक्टर, परिचारिका आणि प्रसाविका मिळून २.२८ माणसे. बाळंतपणांच्या आकडेवारीवरून ही रेषा काढली होती. ज्या देशांत मनुष्यबळ याहून कमी, तिथे बहुधा ८० टक्के बाळंतपणे प्रशिक्षित हातांनी होत नाहीत. त्या हिशेबाने जगातले ५७ देश गंभीर टंचाईत निघाले. त्यांतले ३६ आफ्रिकेतले होते. मलावी रेषेच्या फार खाली होता. अशी रेषा जगाला जागे करण्यासाठी उपयोगी पडते. एखाद्या आरोग्य केंद्रात किती सिस्टर हव्यात, हे ती सांगत नाही.

त्यासाठी दुसरी पद्धत आहे. लोकसंख्येवरून पदे न ठरवता कामावरून ठरवायची. समजा, एखाद्या केंद्रात वर्षाला ६०० बाळंतपणे होतात आणि एका बाळंतपणाला सिस्टरचे सात तास जातात. म्हणजे ४,२०० तास. आता एका सिस्टरचे वर्ष पाहू. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ३१२ दिवस. त्यांतून रजा, सण, आजारपण आणि प्रशिक्षण वजा केले की २५० उरतात. आठ तासांप्रमाणे २,००० तास. भागाकार केला की दोन सिस्टर पुरतील असे वाटते. त्यात नोंदवह्या, अहवाल, लसींचा साठा, बैठका यांत जाणारा पाचवा हिस्सा धरला की आकडा अडीचच्या पुढे जातो, म्हणून तीन. पण बाळंतपण वेळ पाहून येत नाही. प्रसूतिकक्षात दिवसरात्र, वर्षाचे सर्व दिवस एक सिस्टर हजर हवी असेल, तर ते ८,७६० तास झाले. एकीचे २,००० तास धरले तरी चारांत भागत नाही, पाच लागतात. एका खुर्चीला पाच माणसे. ज्या केंद्राला दोन पदे मंजूर आहेत आणि त्यांतले एक रिकामे आहे, तिथल्या सिस्टरला गावकरी ‘रात्री जागेवर नव्हती’ म्हणून दोष देतात, तेव्हा हा भागाकार कुणी केलेला नसतो.

हा उदाहरणातला आकडा कल्पित आहे, पण रीत खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ती १९९८ मध्ये प्रसिद्ध केली, २०१० मध्ये सुधारली, आणि अनेक देशांनी ती वापरली. तिचा मोठा फायदा असा की कुठे माणसे कमी आहेत याबरोबरच कुठे जास्त आहेत हेही तिच्यातून उघड होते. जिल्ह्याच्या गावी पाचांच्या कामाला आठ आणि सीमेवरच्या केंद्रात पाचांच्या कामाला एक, असे चित्र पुढे आले की नवी भरती न करताही काही भोके बुजवता येतात. हेच चित्र बाहेर येऊ नये असे वाटणारेही खात्यात असतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी ही मोजणी होते आणि फाइलीत राहते.

मलावीने २००४ मध्ये जे केले, त्याची सुरुवात मात्र मोजणीपेक्षा धक्क्यातून झाली. त्या वर्षी ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याचे सचिव सुमा चक्रवर्ती आणि संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाचे प्रमुख पीटर पिओ यांनी देशाला भेट दिली. दवाखाने पाहून दोघेही हादरले. नेहमीच्या चालीने काम चालणार नाही, हे मलावी सरकार सांगत होतेच. आता पैसे देणाऱ्यांनाही ते पटले. त्यातून सहा वर्षांचा तातडीचा मनुष्यबळ कार्यक्रम उभा राहिला. खर्चाचा अंदाज २७ कोटी डॉलरच्या वर. ब्रिटन, ग्लोबल फंड आणि स्वतः मलावी सरकार यांनी मिळून तो उचलायचा होता.

यात सर्वांत धाडसाचा भाग पगाराचा होता. परदेशी मदतीचा एक अलिखित नियम असतो: इमारत देऊ, गाडी देऊ, प्रशिक्षण देऊ, पण पगार देणार नाही, कारण पगार थांबवता येत नाही. मलावीत हा नियम मोडला. डॉक्टर, परिचारिका, क्लिनिकल ऑफिसर, औषधनिर्माते अशा ११ संवर्गांना पगारावर ५२ टक्के वाढ देण्यात आली. तिच्यावर करही कापला जाई, त्यामुळे हातात पडणारी रक्कम दिसते तेवढी नव्हती. तरीही वाढ होती. मिशनच्या रुग्णालयांनाही तिच्यात घेतले, आणि हे महत्त्वाचे होते. कारण मलावीत ख्रिस्ती संस्थांची रुग्णालये आरोग्यसेवेचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भार वाहतात आणि बहुतेक परिचारिका त्यांच्याच शाळांत शिकतात. फक्त सरकारी पगार वाढला असता तर मिशनच्या खाटा ओस पडल्या असत्या.

दुसरा अडसर वेगळाच होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींमुळे सरकारच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा होती. बाहेरून पैसा आला तरी तो पगारात खर्च करायला वाव नव्हता. आरोग्यखात्यासाठी ती मर्यादा सैल करून घ्यावी लागली. आरोग्याच्या नियोजनात वित्तखात्याचा माणूस पहिल्या दिवसापासून खोलीत हवा, हा धडा तिथल्या अधिकाऱ्यांनी तेव्हा घेतला.

पगाराबरोबर शिक्षणसंस्थांची वसतिगृहे आणि वर्ग वाढवले. मधल्या काळाची सोय म्हणून परदेशांतून डॉक्टर आणि नर्सिंगचे शिक्षक काही वर्षांपुरते बोलावले. या शिक्षकांवरचा खर्च फार शहाणपणाचा होता. बाहेरून आलेला डॉक्टर दोन वर्षे रुग्ण तपासतो आणि जातो. बाहेरून आलेली शिक्षिका दोन वर्षांत परिचारिकांच्या तुकड्या मागे ठेवून जाते.

तरीही मलावीची खरी ताकद डॉक्टरांत नव्हती. ती क्लिनिकल ऑफिसर या संवर्गात होती. शालेय शिक्षणानंतर तीन वर्षांचे प्रशिक्षण आणि एक वर्षाची उमेदवारी एवढ्यावर तयार होणारे हे लोक जिल्हा रुग्णालय चालवतात. रुग्ण तपासणे, औषध लिहिणे, हाड बसवणे आणि सिझेरियनही. भारतात हे वाचून अनेकांच्या भुवया वर जातील, म्हणून आकडे पाहावेत. २००५ साली देशातल्या जिल्हा रुग्णालयांतल्या प्रसूतीशी संबंधित २,१३१ शस्त्रक्रियांचा अभ्यास झाला. त्यांतल्या १,८७५, म्हणजे ८८ टक्के, क्लिनिकल ऑफिसरांनी केल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतरचा ताप, जखम चिघळणे, मृत्यू अशा बाबींत त्यांच्या आणि डॉक्टरांच्या हातात फरक आढळला नाही.

शेजारच्या मोझांबिकची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९७५ मध्ये पोर्तुगीज गेले तेव्हा त्यांच्याबरोबर बहुतेक डॉक्टरही गेले. शंभरही उरले नाहीत. लगेच यादवी पेटली. जखमी सैनिक आणि अडलेल्या बायका यांच्यासाठी १९८४ पासून सरकारने अनुभवी परिचारक आणि सहायकांना तीन वर्षे शस्त्रक्रिया शिकवायला सुरुवात केली. त्यांना ‘तेक्निको द सिरुर्जिया’ म्हणतात. पुढे जिल्हा रुग्णालयांतल्या ९० टक्क्यांच्या वर मोठ्या प्रसूतिशस्त्रक्रिया हेच लोक करू लागले. संशोधकांनी मग आणखी एक प्रश्न विचारला: जिल्ह्यात नेमलेल्यांपैकी सात वर्षांनंतर तिथे कोण उरले? या तंत्रज्ञांपैकी ८८ टक्के तिथेच होते. डॉक्टरांपैकी एकही नव्हता.

आरोग्याच्या मनुष्यबळावर जे ढीगभर अहवाल आहेत, त्यांत याहून मोलाचा आकडा सापडणे कठीण. डॉक्टरांना नावे ठेवण्यासाठी तो वापरू नये. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी, पुढच्या शिक्षणाची ओढ, ही कारणे कोणत्याही माणसाची असतात. पण गरीब देशाने माणूस घडवताना तो किती शिकला याबरोबर तो कुठे राहील, हेही आधी पाहिले पाहिजे. ज्याची पदवी परदेशात चालते त्याला जगभरातून मागणी येते. ज्याचे शिक्षण देशाच्या गरजेनुसार बेतलेले आहे तो देशाला मिळतो. यात एक अन्यायाची शक्यताही आहे: या लोकांना बढती नसेल, मान नसेल, डॉक्टरांएवढ्या जबाबदारीला कारकुनाएवढा पगार असेल, तर तेही कधीतरी निघून जातात. मलावीत ती तक्रार सतत होती आणि ती रास्त होती.

भारतानेही हा रस्ता एकदा पाहिला होता आणि सोडला. स्वातंत्र्याच्या तोंडावर देशात सुमारे ४७,५०० डॉक्टर होते. त्यांतले तीस हजारांच्या आसपास कमी मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले, ‘लायसेन्शिएट’ म्हणून ओळखले जाणारे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये ठरवले की यापुढे एकाच प्रकारचा, पदवीधर डॉक्टर घडवायचा. खेड्यातल्या माणसाला दुय्यम दर्जाचा डॉक्टर का, हा त्यामागचा विचार उदात्त होता. समितीतल्या काही सदस्यांनी मात्र विरोधी मत नोंदवले: माणसांची एवढी टंचाई असताना ही दारे बंद करू नका. त्यांचे मत बाजूला पडले. छत्तीसगडने २००१ नंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुन्हा सुरू करून पाहिला. त्यातून बाहेर पडलेले सहायक दुर्गम आरोग्य केंद्रांत रुजू झाले आणि प्राथमिक उपचारांत ते एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचे असल्याचे एका पाहणीत दिसले. अभ्यासक्रम मात्र विरोधात आणि वादात काही वर्षांतच बंद पडला.

गावपातळीचा कार्यकर्ता ही कल्पना मात्र महाराष्ट्राच्या मातीत फार आधी रुजली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित बायकांना त्यांनी बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांची हाताळणी शिकवली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगातल्या अशा मोजक्या प्रयोगांचे पुस्तक काढले. त्यात जामखेड होते. त्या विचारांतूनच १९७८ ची अल्मा-आटाची प्राथमिक आरोग्य परिषद आकाराला आली. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले आणि नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडले. आज आशाताई नवजात बाळासाठी घरी येते, त्यामागे हे काम आहे.

मलावीतल्या अशा कार्यकर्त्याला आरोग्य निरीक्षण सहायक म्हणतात. काही आठवड्यांचे प्रशिक्षण, सायकल, औषधांची पेटी आणि साधारण हजार लोकांची जबाबदारी. लसीकरण, पाण्याची तपासणी, पुढे एचआयव्हीची चाचणीही त्यांच्याकडे आली. ग्लोबल फंडाच्या पैशातून त्यांची संख्या त्या काळात जवळपास दुप्पट होऊन दहा हजारांवर गेली.

माणसे कमी असली की उपचाराची रीतही बदलावी लागते, हे मलावीने दाखवले. श्रीमंत देशांत एचआयव्हीबाधिताचे रक्त वारंवार तपासून, पेशी मोजून औषध कधी सुरू करायचे ते डॉक्टर ठरवत. मलावीत ना प्रयोगशाळा, ना डॉक्टर. म्हणून सगळ्यांना शक्यतो एकच, तीन औषधे मिळून केलेली गोळी. सिप्लाची ‘ट्रायोम्यून’ सुरुवातीला हेच काम करी. एकच साधी नोंदवही आणि तपासायला क्लिनिकल ऑफिसर किंवा सिस्टर. २०११ मध्ये देश आणखी पुढे गेला. गरोदर बाई बाधित निघाली की पेशी मोजत न बसता तिला त्याच दिवशी, जन्मभरासाठी औषध सुरू करायचे. असे करणारा मलावी जगातला पहिला देश. त्याआधी एका तिमाहीत १,२५७ गरोदर आणि स्तनदा मातांना औषध सुरू होत होते. सव्वा वर्षानंतर तो आकडा १०,६६३ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत ही पद्धत सगळ्या जगाला सुचवली. २००३ च्या अखेरीस देशात चारेक हजार लोक उपचार घेत होते. २०१० च्या अखेरीस अडीच लाख.

तातडीच्या मनुष्यबळ कार्यक्रमाचे मूल्यमापन झाले तेव्हा ११ संवर्गांतले कर्मचारी ५,४५३ वरून ८,३६९ वर गेल्याचे दिसले, म्हणजे ५३ टक्के वाढ. ब्रिटनला जाणाऱ्या परिचारिका बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, अर्थात ब्रिटननेही दरम्यान आपले दार बरेच लोटून घेतले होते. सुमारे १३,००० जीव वाचल्याचा अंदाज बांधला गेला. परिचारिकांचे लक्ष्य मात्र गाठता आले नाही. खेड्यांत राहायला घरे द्यायची होती, तीही पुरेशी झाली नाहीत. आणि ज्या सिस्टरला रात्री परतायला घर नाही, तिला ५२ टक्के वाढ फार काळ धरून ठेवत नाही.

पुढचा भाग क्लेशदायक आहे. सहा वर्षे संपली आणि परदेशी मदतीचा हा हात आखडला. २०१३ मध्ये सरकारी तिजोरीतल्या पैशांच्या लुटीचे मोठे प्रकरण उघडकीस आले आणि मदत देणाऱ्या देशांनी सरकारच्या खात्यात थेट पैसे देणे थांबवले. भरती गोठली. वाढवलेल्या महाविद्यालयांतून मुले-मुली दरवर्षी बाहेर पडत राहिली; त्यांना नोकरी देणारे पद उरले नव्हते. वॉर्डात सिस्टर नाही आणि गावात प्रशिक्षित सिस्टर बेकार बसलेली, अशी स्थिती मलावीत आली. केनियासह आफ्रिकेतल्या इतर देशांतही ती आज दिसते. लोकांची गरज हा एक आकडा. त्या गरजेसाठी सरकार वेतनश्रेणीसह जितकी पदे भरू शकते तो दुसरा. पहिल्या आकड्यावर महाविद्यालये बांधली आणि दुसऱ्याकडे पाहिलेच नाही, की शिकलेली माणसे घरी बसतात किंवा परदेशी जातात. विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षाची फी भरताना सरकारने त्याच्या पुढच्या तीस वर्षांच्या पगाराची तरतूद कागदावर तरी मांडायला हवी.

माणसे घडवून खेड्यांत टिकवण्याचे काम थायलंडने स्वतःच्या पैशाने आणि पन्नास वर्षे चिकाटीने केले. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथे नव्या डॉक्टरांना तीन वर्षांची सरकारी सेवा सक्तीची झाली. भारतातही बंधपत्र असते. दंड भरून सुटणारेही असतात. थायलंडचा फरक सक्तीत नव्हता, तिच्या भोवती जे उभे केले त्यात होता. दुर्गम भागासाठी वेगळा भत्ता, पुढे खासगी व्यवसाय न करणाऱ्यांना आणखी भत्ता. १९८० च्या दशकात काही वर्षे शहरी रुग्णालयांवरची नवी गुंतवणूक रोखून तो पैसा तालुक्यांच्या रुग्णालयांकडे वळवला. ग्रामीण भागातल्या मुलांना वेगळ्या जागा देऊन, त्यांच्याच प्रांतात शिकवून, त्यांच्याच जिल्ह्यात नेमले. बँकॉक आणि ईशान्येकडच्या गरीब प्रांतांतली डॉक्टरांची तफावत त्या दशकात निम्म्याहून खाली आली. १९९० च्या दशकात खासगी रुग्णालयांची लाट आली तेव्हा डॉक्टर पुन्हा शहराकडे सरकले, आणि सरकारला सगळी मांडणी नव्याने करावी लागली. म्हणजे हे काम एकदा करून संपत नाही. दर काही वर्षांनी बाजार बदलतो आणि हिशेबही.

इथिओपियाचा निर्णयही भारतातल्या वाचकांनी समजून घ्यावा असा आहे. २००३ पासून तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना वर्षभर प्रशिक्षण देऊन प्रत्येक गावगटात दोघी नेमल्या. तीस हजारांहून अधिक. त्यांना पहिल्या दिवसापासून सरकारी पगार मिळाला. भारतात दहा लाखांच्या आसपास आशाताई आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. तरीही त्या आजही ‘स्वयंसेविका’ आहेत. कामागणिक मोबदला आणि मानधन, वेतनश्रेणी नाही. महाराष्ट्रातल्या आशाताईंना मानधनवाढीसाठी वारंवार संप करावा लागला, आझाद मैदानात दिवसेंदिवस बसावे लागले. दारोदार फिरून देशाचे बालमृत्यू कमी करणाऱ्या बाईला कर्मचारी म्हणायलाही सरकार तयार नसेल, तर मनुष्यबळाच्या आराखड्यात तिचे नाव कोणत्या रकान्यात लिहायचे?

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी रोखली. आफ्रिकेत एड्सचे काम करणारे समुपदेशक, चाचणी करणारे, नोंदी ठेवणारे अशा हजारो जणांचे पगार अमेरिकी प्रकल्पांतून येत होते. काही आठवड्यांत ते कामावरून कमी झाले. मलावीतही हेच घडले. आरोग्य निरीक्षण सहायक मात्र आरोग्यखात्याचे नोकर असल्याने आपापल्या गावांत कामावर राहिले. आफ्रिकी देशांनी २००१ मध्ये अबुजा इथे सरकारी खर्चाचा १५ टक्के वाटा आरोग्याला देण्याचे वचन दिले होते. फार थोड्या देशांनी ते पाळले. प्रकल्पांच्या यादीतली माणसे सरकारी वेतनपटावर कशी आणि किती घ्यायची, हा प्रश्न आता लिलाँग्वेतल्या आरोग्य आणि वित्त खात्यांपुढे आहे.